खंदकातून आलेला देव

“देऊळ कंपनीच्या आत गेलं गं. आता दर्शनाला गेटपास लागतो,” माझ्या पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला सांगत होती.

“रोज काढायचा?”

“रोज कुठला! आवस-पुनवेला सोडत्यात. तेबी आधार कार्ड दाखवून. देव वळखतो, पण गेटवरचा वळखत न्हाई.”

दोघी हसल्या. मीही खिडकीकडे तोंड करून हसले. बस मोशीजवळ इंद्रायणीच्या पुलावर थांबली होती आणि पुढे कंटेनरांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत लागली होती. खाली नदी जलपर्णीने इतकी भरलेली, की कुणी सांगितलं नसतं तर मला ते हिरवं शेतच वाटलं असतं.

रावेतहून मी सकाळी साडेसातला निघाले होते. निगडीपर्यंत रिक्षा, तिथून भोसरी, भोसरीला राजगुरुनगरची बस. एरवी मी याच्या उलट्या दिशेला, पुण्यात कामाला जाते. इतकी वर्षं या भागात राहूनही मोशीच्या पुढे कधी गेले नव्हते. आमच्या सोसायटीतले बरेच जण चाकणला नोकरी करतात; कंपनीची बस त्यांना दारातून नेते आणि दारात आणून सोडते. त्यांच्या बोलण्यातून चाकण म्हणजे मला एखादी शिफ्टच वाटायची.

मी पुण्यातल्या एका लहान संग्रहालयात नोंदणीचं काम करते. जुन्या वह्यांमधल्या नोंदी संगणकावर चढवायच्या, वस्तूंचे फोटो काढायचे, मोजमापं घ्यायची. तिथे एक कपाट पहिल्या महायुद्धातून आलेल्या वस्तूंचं आहे. आपल्याकडच्या पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसरा बंदरावर उतरून लढायला गेल्या होत्या. खंदक खणताना तिथल्या मातीतून हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तू वर यायच्या. बाणाच्या टोकांसारखी अक्षरं कोरलेल्या विटा, दगडी शिक्के, मणी. ज्यांना जमलं त्यांनी त्या सामानात घालून आणल्या, आणि पुढे त्यांनी किंवा त्यांच्या मुलाबाळांनी संग्रहालयांना देऊन टाकल्या. साहेब लोकांनी दिलेल्या वस्तूंखाली त्यांचं नाव, हुद्दा, पलटण, सगळं लिहिलेलं आहे. एका वस्तूखालच्या पाटीवर मात्र एवढंच आहे: ‘एका शिपायाच्या कुटुंबाकडून भेट.’

ती वस्तू म्हणजे वीतभर उंचीची पांढऱ्या दगडाची मूर्ती. छातीशी हातात हात घेतलेले, डोळे चेहऱ्याला न शोभण्याइतके मोठे. ही मूर्ती आता तिच्या देशाला परत जाणार होती. त्यासाठी ज्या घराने ती दिली त्या घरचं संमतिपत्र हवं होतं. पाठवलेली दोन पत्रं ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. बुधवारी अकरा वाजता पेटी बंद होणार होती, आणि सोमवारी संध्याकाळी सर मला म्हणाले, “तू रावेतला राहतेस ना? तुला चाकण जवळच.”

रावेतहून चाकण जवळ नाही. पण मी ते बोलले नाही.

चाकणला तळेगाव चौकात उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. रस्त्याच्या एका बाजूला कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो, दुसऱ्या बाजूला नव्या कोऱ्या मोटारी लादलेले दुमजली ट्रक, आणि मधल्या उरलेल्या जागेतून पाठीवर सॅक लावलेली माणसं धावत होती. तिथून शेअर रिक्षा (इथे ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही) पकडून गावाच्या फाट्याला गेले. मोबाइलवरचा नकाशा मला एका बाभळीच्या पायवाटेने घेऊन गेला आणि एका उंच भिंतीसमोर त्याने जाहीर केलं की मी पोचले आहे.

भिंतीला गेट होतं. गेटवर खुर्चीत बसून एक सिक्युरिटीवाले काका डबा खात होते. मी त्यांना वहीतला पत्ता दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“पत्ता बरोबर हाय बघा तुमचा,” ते म्हणाले. “गाव चुकलंय.”

“म्हणजे?”

“म्हंजे जुनी वस्ती हितंच होती म्हणत्यात. आता हितं आमचं स्क्रॅप यार्ड हाय. मी लातूरकडचा, चार वर्षं झाली येऊन. मला इथली घरं कशी म्हाईत असणार? मारुतीच्या देवळापाशी जा. जुनी माणसं तिथं बसतेत.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी डब्याचं झाकण माझ्यापुढे केलं. “भजं घ्या. लांबून आलाव.”

मी नको म्हणाले. नंतर वाटलं, घ्यायला हवं होतं.

मारुतीचं देऊळ भिंतीबाहेर राहिलं होतं. त्याच्या ओट्याला एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. ऑइलपेंटचे इतके हात तिच्यावर बसले होते की अक्षरं बोटांनी चाचपून वाचावी लागली. या गावातून महायुद्धाला किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली, एवढे दोन आकडे. नाव एकाचंही नाही. तिथेच पत्ते खेळत बसलेल्या एका आजोबांना मी मूर्ती देणाऱ्याचं नाव सांगून घर विचारलं.

“बसरेवाल्यांचं घर? सरळ सांगायचं ना,” ते पत्ते न ठेवताच म्हणाले. “ते बघा, गुलाबी खोल्या दिसत्यात. त्यांच्या माघं.”

गुलाबी खोल्या म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक चाळ होती. जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवर इथल्या बहुतेकांनी अशा खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांत परगावाहून आलेले कामगार भाड्याने राहतात. एका दोरीवर एकाच रंगाचे आठ-दहा कंपनीचे शर्ट वाळत होते. चाळीच्या मागे दोन खोल्यांचं पक्कं घर. दारात एक माणूस बूट पुसत बसला होता. सोमनाथ. मूर्ती देणाऱ्याचा पणतू. तिशी ओलांडलेला, चाकणच्याच एका कंपनीत कंत्राटी कामगार. मी कोण, कुठून आले ते अडखळत सांगितलं आणि संमतिपत्राचा कागद पुढे केला. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला.

“भारी आहे,” तो म्हणाला. “जमिनीच्या वेळेलाबी असंच पत्र आलं होतं. निर्णय तुमचा, सही आमची.”

तेवढ्यात आतून आवाज आला, “कोण हाय रं?”

“आजी, बसरेवाल्या बाबांची मूर्ती परत चाललीय म्हणं.”

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वाटी असावी.

“परत? घरी?”

“आपल्या न्हाई. तिकडं. बसऱ्याला.”

आजी कॉटवर बसल्या होत्या. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत, असं सोमनाथची बायको वर्षा मला पाणी देताना म्हणाली. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, आणि नजर अशी की मला माझी ओढणी नीट करावीशी वाटली.

“बस,” त्या म्हणाल्या. “फोटू हाय का त्याचा?”

मी मोबाइल काढला. संग्रहालयातला सगळ्यात चांगला फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. काळ्या कापडावर पांढरीशुभ्र मूर्ती. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मला परत दिला.

“ह्यो न्हवं.”

“आजी, हाच आहे.”

“मी रोज आंघूळ घातलीय त्याला. मला शिकवू नकु.”

मग माझ्या लक्षात आलं. मी दुसरा फोटो शोधला, साफ करण्याआधीचा. त्यात मूर्तीवर शेंदराचे थर होते, एकावर एक, इतके जाड की हात दिसत नव्हते आणि चेहऱ्याच्या जागी फक्त दोन मोठे डोळे राहिले होते.

“ह्यो!” आजींनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. “ह्यो बघ. ह्योच. वर्षे, इकडं ये, बघ माझं बसरेवालं आजेसासरं.” मग त्यांनी मान वर केली. “त्याला असं उघडं कुणी केलं?”

“संग्रहालयात साफ केलं,” मी म्हणाले.

ते खरं होतं. पण तपासणीच्या कागदावर ‘लाल रंगाचे थर नंतरचे आहेत, काढावेत’ हे वाक्य माझ्या हाताने लिहिलेलं आहे. कापसाच्या बोळ्याखाली दगड पांढरा होत गेला तेव्हा मी टेबलाशी उभी होते आणि मला फार आनंद झाला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आजी बोलू लागल्या ते माझ्याकडे न बघता. त्यांचे आजेसासरे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे आजोबा, पलटणीतून बसऱ्याला गेले. तेव्हा घरी बायको गरोदर होती. ते आले नाहीत. त्यांच्याबरोबरचा शेजारच्या गावचा एक गडी लढाई संपल्यावर आला आणि कांबळ्यात बांधलेलं त्यांचं सामान देऊन गेला. त्यात ही मूर्ती होती. खंदक खणताना सापडली, एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक (चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा) करून देव्हाऱ्यात बसवतात. यांचा टाक केलाच नाही. हात जोडलेला हा दगड आला तो त्यांनीच स्वतःच्या जागी पाठवला, असं त्यांच्या बायकोने धरलं. त्याला शेंदूर लावला आणि देव्हाऱ्यात उभा केला.

“माझ्या आजेसासूबाईंनी मरस्तोवर कुक्कू पुसलं न्हाई,” आजी म्हणाल्या. “लोकं बोलायची. त्या म्हणायच्या, माझा मालक घरात हाय, मी का पुसू? दिवा लावला की त्याच्याम्होरं बसायच्या आन् सगळं सांगायच्या. गाय व्याली, पोराला ताप आला, नातसून आगाव हाय. मी आगाव. मी ऐकत असायची दाराआडून.”

वर्षा फिसकन हसली. आजीही हसल्या.

मला खरं सांगायचं नव्हतं. पण संमतिपत्रात मूर्तीचं वर्णन छापलेलं होतं आणि सोमनाथने ते वाचलं होतं.

“आजी, ह्याच्यात लिहिलंय ही बाईची मूर्ती आहे म्हणून,” तो म्हणाला. “ताई, खरंय का?”

मी मान हलवली. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून सांगावं लागलं. साफ केल्यावर खांद्यावरून घेतलेलं वस्त्र दिसलं. तज्ज्ञांनी सांगितलं की तिथल्या कुणा बाईने आपल्या देवापुढे आपल्या नावाने ही मूर्ती ठेवलेली असणार. आपण शेतात, घरात कामाला असलो तरी आपल्या वतीने हिने देवळात हात जोडून उभं राहावं, म्हणून.

आजींनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं.

“म्हंजे माझी आजेसासू चाळीस वर्षं एका बाईशी बोलत व्हती?”

मी हो म्हणाले.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बाप्याला ते कळलं नसतंच.” मग थोड्या वेळाने, “आमचा माणूस तिकडं राहिला, आन् तिकडची बाई हिकडं आली. आता ही चालली. मग आमचा कधी यायचा?”

हे त्यांनी मला विचारलं होतं. त्या देशात आपल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं आहेत हे मला माहीत होतं. त्यांच्यावरही अनेक ठिकाणी आकडेच आहेत हेही माहीत होतं. मी मोबाइलची काच ओढणीने पुसत बसले.

वर्षाने जेवायला वाढलं. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची हाताने वळलेली वेटोळी, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली), बाजरीची भाकरी आणि कांदा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सोमनाथ म्हणाला, “रावेतला एवढं तिखट मिळत नसंल.” मी दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा तो जरा नरमला.

आजी जेवत नव्हत्या. ताटाकडे बघत म्हणाल्या, “लगीन होऊन आले तवा त्याचं ताट करायचं काम माझ्याकडं. बाकीच्या पितरांना भात-वरण, पण त्याला शेंगोळी. आवडायची म्हणं. आजेसासूबाई म्हणायच्या, तिकडं कोण करून घालणार?”

“मग दिली कशाला मूर्ती?” मी विचारलं. त्या घरात मी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

“मामंजींनी दिली. त्यांनी बापाचं तोंड कधी बघितलं न्हाई. आई मेली तसं म्हणाले, आता ह्याच्याशी बोलणारं कोण ऱ्हायलं? पुण्याचं सायेब आलं व्हतं, त्यांच्या हवाली केलं. मी व्हते माहेरी, थोरल्याच्या बाळंतपणाला. सव्वा महिन्यानं बाळ घेऊन आले, देवाच्या पाया पडाया वाकले, तर जागा मोकळी. सासूबाईंना इचारलं, जाताना निवद दाखिवला का? तर न्हाई. सायबाला गाडी गाठायची व्हती.” त्यांनी ताट सरकवलं. “दारातनं आलेला भिकारी आमी उपाशी जाऊ देत न्हाई. घरचा माणूस उपाशी गेला. साठ वर्षं झाली. मी शेंगोळी केली की पयला घास माझ्या घशाखाली उतरत न्हाई.”

वर्षाने त्यांचं ताट झाकून ठेवलं.

मग आजींनी वर्षाला हळदीकुंकवाची कोयरी आणायला सांगितली. मला मोबाइल उशीला टेकवून उभा करायला लावला, पांढऱ्या फोटोसह. “बाई हाय म्हणतीस तर मोकळ्या कपाळानं नगं जायाला.” त्यांनी काचेवर बोट टेकवून कुंकू लावलं. वर्षाने पुढे वाटीत शेंगोळी ठेवली. आजींनी हात जोडले आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

“निजली?”

“नाही आजी, ते आपोआप बंद होतं.” मी बोट लावून उजेड आणला. फोटो जागेवरून सरकला आणि कुंकू भलतीकडेच, मूर्तीच्या कोपराजवळ आलं. पुन्हा काळोख. पुन्हा मी बोट लावलं. तिसऱ्या वेळी आजींनी माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. काचेला काय भूक असती?” मग म्हणाल्या, “पेटी कधी लावायची म्हणलीस?”

“उद्या अकराला.”

“सोमा, उद्या तू जा. तिच्याम्होरं ताट ठेव आन् त्यांचं नाव घेऊन हाक मार. हाक मारल्याबिगर पितर येत न्हाई.”

सोमनाथने मोबाइल काढला आणि दारात उभा राहून सुपरवायझरला फोन लावला. दुपारची शिफ्ट होती त्याची, पण उद्यापासून सकाळचा ओव्हरटाइमही लागला होता.

“सर, उद्या सकाळी नाही जमणार... घरचं काम आहे... नाही सर, कुणी वारलं नाही... म्हणजे वारलेत, पण शंभर वर्षं झाली.” तो थांबला. “नाही सर. मजा नाही करत. सर?”

त्याने फोन खिशात टाकला. “ठेवला,” एवढंच म्हणाला. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ बांधत राहिला. “कॉन्ट्रॅक्टवर आहे ताई. न सांगता दांडी मारली की परवा गेट बंद. आणि नाव तरी कुठं माहीत आहे मला? आम्ही बसरेवाले बाबाच म्हणत आलो.”

“तुझ्या आज्याला ठाव व्हतं. आज्या गेला, बाप गेला,” आजी म्हणाल्या.

“तुमाला ठाव आहे की,” वर्षा म्हणाली.

“मला ठाव असून काय उपेग? सासरच्या थोरल्याचं नाव मी घेऊ?”

आजींच्या बोलण्यात दिवसभर ते नाव आलं नव्हतं हे मला तेव्हा जाणवलं. माझ्या पिशवीत जुन्या पावतीची प्रत होती, मूर्ती दिली तेव्हाची. तिच्यात मामंजींनी वडिलांचं नाव लिहून दिलं होतं. मी ती काढून सोमनाथला दिली. त्याने ती वाचली, ओठ हलले, पण कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि तो पावती माझ्या हातात परत कोंबून पळाला. चाळीच्या कोपऱ्यावरून ओरडला, “आजी सांगंल तिथं मी सही करतो! उद्या व्हॉट्सॲपवर फोटो टाका, ताई!”

पण सही आजींनीच केली. त्या घरच्या सगळ्यांत मोठ्या. वर्षा शाई आणायला उठली तेव्हा म्हणाल्या, “अंगठा नगं. मला येतं.” एकेक अक्षर काढत त्यांनी नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे देताना म्हणाल्या, “जाऊ दे तिला. तिच्यामागं बी कुणीतरी वाट बघून मेलं आसंल.”

मी निघाले तेव्हा वर्षाने स्टीलचा डबा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. आजींनी मला जवळ बोलावलं.

“उद्या तिच्याम्होरं ठेव. आन् नाव घे. तू ह्या घरची सून न्हाईस, तुला चालतंय. मोठ्यानं घे. ते लांब हायती.”

“आजी, मला मोठ्याने बोलता येत नाही,” मी म्हणाले. एवढं खरं मी अनोळखी माणसाला कधी सांगत नाही.

“व्हय, ते दिसतंय,” आजी म्हणाल्या. “तिला बी हाक मार. ती बी उपाशीच गेली की.”

परतीची बस चाकणच्या चौकात पाऊण तास अडकली. डबा मांडीवर होता आणि फडक्यातून लसणाचा वास सगळ्या बसमध्ये पसरला. शेजारचे गृहस्थ दोनदा माझ्याकडे बघून शेवटी म्हणालेच, “शेंगोळी का हो? हुलग्याची?”

“हो.”

“घरची वाटतं.”

मी पुन्हा हो म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एकामागून एक भिंती, गेट, भिंती. यांतल्या कुठल्या भिंतीआड कुणाचं आंगण असेल ते कळायला काही खूण नव्हती. संग्रहालयात आम्ही प्रत्येक वस्तूपुढे लिहितो, कुठे सापडली, कुणी दिली, कधी आली. त्या मूर्तीला कुणी चाळीस वर्षं गाईची आणि तापाची बातमी सांगितली, हे लिहायला आमच्या तक्त्यात रकाना नाही. मूर्ती परत जावी असं मला आधीही वाटत होतं आणि बसमध्येही वाटत होतं. ती त्या देशाची आहे, तिथल्याच मातीतून ती उचलली गेली. पण ती जाताना एका घरचं माणूस दुसऱ्यांदा जाईल, हे कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं.

रात्री डबा मी फ्रिजमध्ये ठेवला आणि आईला सांगितलं की उघडू नकोस. सकाळी रस्सा घट्ट झाला होता. मी तो थोडं पाणी घालून गरम केला. थंड कसा द्यायचा?

संग्रहालयाच्या भांडारात पेटी टेबलावर तयार होती. आत मऊ फोममध्ये मूर्ती उताणी, डोळे छताकडे. पेटी बंद करणारे दोघे स्क्रू हातात घेऊन उभे होते. सरांनी संमतिपत्र बघितलं, “छान, छान,” म्हणाले, आणि मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

“हे काय? डबा इथं?”

भांडारात खायचं काही आणायचं नाही, कीड लागते, हा नियम येणाऱ्याजाणाऱ्याला मीच सांगते. मी मागे फिरले आणि डबा उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला. फडकं सोडलं, झाकण काढलं. लसणाचा वास वर आला. पेटीवाल्यांतला एक थांबला. त्याने पायातल्या चपला काढल्या, का ते मला माहीत नाही.

“सर, एक मिनिट लागेल,” मी म्हणाले.

“कशाला?”

मी पिशवीतून पावती काढली. हे नाव मी रात्री इतक्या वेळा वाचलं होतं की कागदाची गरज नव्हती. तरी तो हातात धरला. सर घड्याळाकडे बघत होते. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. मग मी पेटीजवळ गेले आणि त्या दोन मोठ्या डोळ्यांकडे बघत, बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“केरबा राघूजी, जेवायला या.”

आणि तिचं नाव कुणालाच ठाऊक नसल्यामुळे, “बाई, तुम्हीपण या.”